शेवटी आला, आधी गेला

पंगतीला उशिरा आलेल्या माणसाला शेवटचे पान मिळाले तर तो सहसा रुसत नाही. जोवर अन्न सर्वांना पुरणार असते, तोवर पान पहिले की शेवटचे हा केवळ मानाचा प्रश्न असतो. परंतु वाढप्याचे पातेले मध्येच रिकामे होणार हे एकदा कळले की त्याच पंगतीचे रूप पालटते. मग कोण आधी आला, कोणाला कोणी मध्येच आणून बसवले, शेजारच्या घरची माणसे आपल्या पंगतीत कुठे बसणार, अशा प्रश्नांना तोंड फुटते. नोकरीतील सेवाज्येष्ठतेचा इतिहास हा अशा पंगतीचाच इतिहास आहे.

ज्येष्ठतेचा नियम सांगायला अगदी सोपा आहे. माणसे कमी करण्याची वेळ आली तर जो सर्वांत शेवटी लागला तो सर्वांत आधी जाईल आणि जागा पुन्हा निघाल्या तर गेलेल्यांना प्रथम बोलावणे येईल. भारतात हे तत्त्व १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती होऊन लिखित स्वरूपात आले. अमेरिकेत ते त्याच्या कितीतरी आधी रेल्वे कामगारांच्या संघटनांनी रुजवले होते. मुकादमाची मर्जी, जातभाईची शिफारस, एखाद्याने तोंड वर करून बोलल्याचा राग, या साऱ्या गोष्टी कपातीच्या दिवशी कामगाराच्या मुळावर येत. त्यांवर उपाय म्हणून कामगारांनी एक असे मोजमाप शोधले की जे कोणाच्या मर्जीने वाढत नाही व कोणाच्या रागाने घटत नाही. ते म्हणजे कामावर रुजू झाल्याची तारीख. १९२६ साली रेल्वे कामगारांसाठी झालेला कायदा १९३६ साली विमान कंपन्यांना लागू झाला आणि रेल्वेची ही रीत विमानतळावरही स्थिरावली.

विमान व्यवसायात या तारखेला जे मोल आले, ते अन्य धंद्यांत क्वचितच आले असेल. कोणत्या शहरी राहायचे, कोणत्या मार्गावर जायचे, कोणत्या विमानावर काम करायचे, सणासुदीला घरी असायचे की आकाशात, हे सारे ज्येष्ठतेच्या यादीतील क्रमांकावरून ठरते. शिवाय ही मिळकत दुसरीकडे नेता येत नाही. वीस वर्षे एका कंपनीत काढलेला वैमानिक दुसरीकडे गेला की तिथल्या यादीत तो तळाशीच लागतो. म्हणून कंपनी बुडणे म्हणजे केवळ पगार बुडणे नव्हे. साऱ्या आयुष्याची शिल्लक एका दिवसात शून्यावर येणे होय.

या शिल्लकेचे काय होऊ शकते, हे ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या अमेरिकन कंपनीच्या विमानसेविकांच्या कहाणीतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसेल. १९३० साली दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून जन्मलेली ही कंपनी जगभर संचार करीत असे. एकेकाळी तिची विमाने मुंबईलाही येत. पुढे मिसूरी राज्यातील सेंट लुइस हे तिचे मुख्य ठाणे झाले. या कंपनीतील विमानसेविकांच्या ज्येष्ठतेची कसोटी एकदा नव्हे, तीनदा लागली.

पहिली कसोटी मातृत्वाच्या निमित्ताने आली. १९७० पर्यंत या कंपनीचा असा नियम होता की विमानसेविका आई झाली की तिची नोकरी संपली. विमानात काम करणारा पुरुष बाप झाला तर मात्र त्याच्या नोकरीला धक्का लागत नसे. हा अन्याय न्यायालयात गेला आणि काढलेल्या स्त्रियांना परत घेण्याचे ठरले. तेव्हा खरा पेच उभा राहिला. त्या परत याव्यात, पण यादीत कुठे? गेलेली वर्षे जमेस धरून वर, की नव्याने रुजू झाल्यासारख्या खाली? आश्चर्य असे की गेलेल्या वर्षांसह ज्येष्ठता देण्यास कामावर असलेल्या सेविकांच्या संघटनेनेच हरकत घेतली. मधल्या काळात लागलेल्या मुलींचा क्रमांक त्यामुळे खाली जाणार होता. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने काढलेल्या स्त्रियांची गेलेली ज्येष्ठता परत देण्यावर शिक्कामोर्तब केले. एअर इंडियातील सेविकांना पहिल्या गरोदरपणीच घरी पाठवणारा नियम भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तोही त्याच सुमारास, १९८१ साली.

या पहिल्या प्रसंगातच ज्येष्ठतेचा स्वभाव उघड झाला होता. ही अशी संपत्ती आहे की एकाला ती परत द्यायची तर दुसऱ्याची थोडी कमी होते. पगार वाढवायचा तर मालकाच्या तिजोरीतून वाढवता येतो. यादीतील क्रमांक मात्र शेजाऱ्याकडूनच घ्यावा लागतो.

दुसरी कसोटी संपाने आणली. १९७८ साली अमेरिकेने विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठवले. तोवर भाडी आणि मार्ग एक सरकारी मंडळ ठरवीत असे. आता जो स्वस्तात नेईल त्याला प्रवासी मिळू लागले. त्या कायद्यात नोकरी गमावणाऱ्यांना अन्य कंपन्यांत अग्रहक्क देण्याचे एक कलम होते, परंतु ते जवळजवळ कागदावरच राहिले. नव्या कंपन्या कमी पगारावर माणसे लावीत होत्या. जुन्या कंपन्या आपल्या कामगारांकडे सवलती मागू लागल्या. या ठिकाणी सवलत शब्दाचा अर्थ उलटा घ्यावयाचा. ती मालकाने कामगाराला दिलेली नसून कामगाराने मालकाला दिलेली असते. पगारात घट, कामाच्या तासांत वाढ, निवृत्तिवेतनात कपात असे तिचे स्वरूप.

१९८५ साली कार्ल आयकान या धनिकाने ट्रान्स वर्ल्डचा ताबा मिळवला. वैमानिकांनी व यंत्रकामगारांनी त्याला सवलती दिल्या. विमानसेविकांशी बोलणी फिसकटली आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी संप पुकारला. कंपनीने ताबडतोब नव्या मुली कायम स्वरूपात भरल्या आणि संपावरील सेविकांना कळवले की ज्या लगेच कामावर येतील त्यांची जागा व त्यांचे ठाणे त्यांच्याकडेच राहील, त्यांच्याहून ज्येष्ठ असलेली बाई पुढे परत आली तरी तिला ते मिळणार नाही. हा डाव फार खोलवर विचार करून टाकलेला होता. संपात सर्वांत अधिक गमावण्यासारखे ज्येष्ठांजवळ असते. त्यांची ज्येष्ठता हीच कनिष्ठांना कामावर परत खेचण्याचे आमिष म्हणून वापरली गेली.

७२ दिवसांनी संघटनेने बिनशर्त कामावर येण्याची तयारी दाखवली. तोवर जागा भरून गेल्या होत्या. अखेरपर्यंत संपावर राहिलेल्या हजारो सेविकांपैकी त्या वेळी सुमारे २०० जणींनाच परत घेण्यात आले. बाकीच्यांना जागा निघेपर्यंत थांबावे लागले. संघटना न्यायालयात गेली. संप मोडून कामावर आलेल्या कनिष्ठांना बाजूला करून ज्येष्ठांना घ्यावे, अशी तिची मागणी होती. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. संपावर गेलेल्यांची सेवेची वर्षे पुसली गेली नव्हती, ती कागदोपत्री शाबूत होती. पण त्या वर्षांच्या जोरावर भरलेल्या जागेवरून कोणाला उठवता येणार नव्हते. वर्षे राहिली, त्यांचा उपयोग ऐन वेळी गेला.

त्यानंतरची काही वर्षे कंपनीची आणि कामगारांचीही तारेवरची कसरत होती. १९९२ साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९३ साली ती त्यातून बाहेर आली तेव्हा वेतनातील सवलतींच्या मोबदल्यात कामगारांकडे कंपनीची ४५ टक्के मालकी आली होती. कामगार मालक झाला खरा, परंतु ज्या घराचा तो मालक झाला त्या घराला आधीच तडे गेले होते. १९९५ साली पुन्हा दिवाळखोरी आली आणि जानेवारी २००१ मध्ये तिसऱ्यांदा आली.

या वेळी अमेरिकन एअरलाइन्स ही धनाढ्य कंपनी ट्रान्स वर्ल्डची विमाने, मार्ग आणि माणसे घेण्यास पुढे आली. माणसे होती सुमारे वीस हजार. तिची एक अट होती. विलीनीकरणात ज्येष्ठतेची यादी न्याय्य रीतीने, गरज पडल्यास लवादामार्फत, एकत्र करावी असे संरक्षण ट्रान्स वर्ल्डच्या कामगारांना त्यांच्या करारांतून मिळालेले होते. १९७२ साली अ‍ॅलेघेनी आणि मोहॉक या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणात सरकारी मंडळाने घालून दिलेल्या अटींवर ते आधारलेले होते. ते संरक्षण सोडून द्या, असे त्यांना सांगण्यात आले. नाही म्हणावे तर व्यवहार मोडेल आणि कंपनी बंद पडेल. हो म्हणावे तर पुढचे सारे दुसऱ्याच्या सद्भावनेवर. संघटनांनी हो म्हटले. बुडत्याने दोराची जाडी मोजत बसू नये हेच खरे.

तिसरी कसोटी इथे सुरू झाली. अमेरिकनच्या विमानसेविकांची स्वतंत्र संघटना होती आणि यादी करण्याचे काम तिच्याकडे आले. तिने ट्रान्स वर्ल्डच्या सुमारे चार हजार सेविकांना आपल्या यादीच्या तळाशी जोडले. पगारापुरती त्यांची जुनी वर्षे धरली गेली, पण कपातीसाठी आणि कामाच्या निवडीसाठी त्यांची तारीख एप्रिल २००१ ही ठरली. तीस वर्षे आकाशात काढलेली बाई, आदल्या महिन्यात अमेरिकनमध्ये लागलेल्या विशीतील मुलीच्या खाली गेली.

अमेरिकनच्या सेविकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. बुडालेल्या कंपनीतील माणसांना नोकरी मिळाली हेच पुष्कळ झाले, ती कंपनी बंद पडली असती तर त्यांची ज्येष्ठता शून्यच झाली असती, असे त्यांचे म्हणणे. आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे वाट पाहून मिळवलेले क्रमांक परक्यांना का द्यावेत? हा युक्तिवाद स्वार्थी असेल, परंतु निर्बुद्ध नव्हता. त्यात उणीव एवढीच होती की ज्येष्ठतेचा नियम मुळात बलवंताच्या मर्जीपासून दुर्बळाला वाचवण्यासाठी जन्मला होता आणि इथे बलवंताच्या जागी मालक नसून कामगारांचीच मोठी संघटना बसली होती.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे विमानहल्ले झाले आणि प्रवासी एकाएकी आटले. कपात सुरू झाली ती यादीच्या तळापासून. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. तिने आपल्या साऱ्या कर्मचाऱ्यांकडून मिळून वर्षाला १८० कोटी डॉलरच्या सवलती मागितल्या. त्यांत विमानसेविकांचा वाटा ३४ कोटींचा होता. सेविकांनी पहिल्या मतमोजणीत प्रस्ताव फेटाळला. मतदानाची मुदत वाढवली गेली आणि मग तो मंजूर झाला. इतक्यात बातमी बाहेर आली की त्याच काळात कंपनीने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना टिकवून ठेवण्यासाठी खास बक्षिसे ठरवली होती आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाची रक्कम दिवाळखोरीपासून सुरक्षित राहील अशी व्यवस्था केली होती. एकच गदारोळ उठला. बक्षिसे रद्द झाली आणि कंपनीचे प्रमुख डोनाल्ड कार्टी यांना त्याच महिन्यात पद सोडावे लागले. सवलती मात्र राहिल्या.

आणि या सवलतींनी ट्रान्स वर्ल्डच्या स्त्रिया वाचल्या नाहीत. जुलै २००३ पर्यंत त्या झाडून साऱ्या घरी बसल्या. त्यांना बडतर्फ केले नव्हते, बिनपगारी थांबवून ठेवले होते. पुन्हा बोलावले जाण्याचा त्यांचा हक्क पाच वर्षांचा होता. २००६ सालापासून एकेकीची ती मुदत संपू लागली. काहींना पुढे बोलावणे आले, पुष्कळांना ते कधीच आले नाही.

त्यांची दाद शेवटी लागली ती कायदेमंडळात, आणि तीही इतरांसाठी. मिसूरीचे दोन सिनेटर, एका पक्षाच्या क्लेअर मॅकॅस्किल आणि दुसऱ्या पक्षाचे किट बाँड, यांनी मिळून मांडलेली तरतूद डिसेंबर २००७ मध्ये कायद्यात आली. १९७२ सालच्या त्या जुन्या अटी तिने पुन्हा जिवंत केल्या. त्यापुढे दोन विमान कंपन्या एक झाल्या तर ज्येष्ठतेच्या याद्या न्याय्य व समतोल रीतीने एकत्र केल्या पाहिजेत आणि एकमत न झाल्यास लवादाकडे गेले पाहिजे, असे बंधन आले. कायदा मागील काळास लागू नव्हता. ज्यांच्या दुःखातून तो जन्मला, त्यांच्या पदरी त्यातून काहीच पडले नाही.

योगायोग असा की त्याच २००७ साली भारतात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. इथेही दोन याद्यांचा मेळ बसेना. २०११ साली न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. २०१२ साली नव्या विमानांचे शिक्षण आधी कोणाला द्यायचे यावरून, म्हणजे अखेर बढतीच्या क्रमावरून, एअर इंडियाच्या वैमानिकांचा दीर्घ संप झाला. देश निराळा, कायदा निराळा, पण पेच तोच होता.

ज्येष्ठतेचा नियम न्यायाचा आहे की नाही, याचे उत्तर या कहाणीतून सरळ मिळत नाही. तो मर्जीहून निश्चितच बरा आहे. तारखेला नातेवाईक नसतात आणि तारीख लाच घेत नाही. परंतु तारीख कोणाच्या वहीत लिहायची, हे ठरवणारी माणसेच असतात. ज्यांच्या हाती वही, ते ती आपल्या बाजूने लिहितात, मग ते मालक असोत वा कामगारांचे पुढारी. आई झालेल्या स्त्रीची वर्षे पुसणारी वही, संपावर राहिलेल्या स्त्रीची वर्षे कुचकामी ठरवणारी वही आणि परक्या घरातून आलेल्या स्त्रीची वर्षे एका रात्रीत शून्य करणारी वही, या तिन्ही वह्या वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या होत्या. पाने ज्या क्रमाने मांडली जातात त्या क्रमाचा नियम हवाच. पण तो पातेले भरलेले असतानाच, साऱ्यांच्या देखत ठरलेला असावा. पातेले रिकामे होऊ लागल्यावर ठरवलेल्या क्रमाला नियमाचे नाव मिळते, न्यायाचे मिळत नाही.