सभासदांचा क्लब, भागधारकांचा क्लब

आपल्या उपनगरांत वाचनालय असो, व्यायामशाळा असो की अशी एखादी व्याख्यानमाला असो, तिच्यामागे एक मंडळ असते. मंडळाला घटना असते, सभासदांची वर्गणी असते आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरून तीत हिशेबावरून खडाजंगी होते. युरोपातील आणि बंगालमधील जुने फुटबॉल क्लब नेमके असेच जन्मास आले. ते भागधारकांच्या कंपन्यांकडे कसे गेले, आणि आपल्या मुंबईत सभासदांची ही पायरीच कशी गाळली गेली, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

इंग्लंडात हा बदल फार लवकर झाला. मैदानासाठी कर्ज काढले तर त्याची झळ सभासदांच्या घरादारापर्यंत पोहोचे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लब मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या होऊ लागले. पण तेथील फुटबॉल संघटनेने लाभांशावर शेकडा ५ ची मर्यादा घातली. पुढे ती थोडथोडी सैल झाली, तरी क्लब हा नफ्याचा धंदा नव्हे ही समजूत टिकली. १९८३ साली टॉटनहॅमच्या मालकांनी क्लबच्या वर दुसरी कंपनी उभारून तिचे भाग लंडनच्या शेअरबाजारात आणले. नियम क्लबाला लागू, वरच्या कंपनीला नाही! स्पेनने १९९० साली कायदाच केला आणि चार क्लब वगळून साऱ्या व्यावसायिक क्लबांस कंपनी होणे भाग पाडले. जर्मनांनी १९९८ साली मधला मार्ग काढला: भांडवल बाहेरचे चालेल, पण निम्म्यांहून एक मत अधिक सभासदांच्या हाती राहील.

आपल्याकडे ही गोष्ट इतकी सरळ होऊ शकत नाही. १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था मोडली तरी तिची मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही; ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. महाराष्ट्रात तर अशा बहुतेक संस्था १९५० च्या विश्वस्त-व्यवस्था कायद्याखालीही येतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून त्यांना आपली जमीन विकता येत नाही. तेव्हा क्लब विकता येत नसेल, तर क्लबाचा संघ तेवढा वेगळा काढून त्याची कंपनी करावयाची, ही युक्ती निघाली. १८८९ मध्ये स्थापन झालेला, १९११ साली गोऱ्या पलटणीला हरवून ढाल जिंकणारा मोहन बागान क्लब १९९८ साली एका मद्य-उद्योगाशी अशा कंपनीच्या वाटेने जोडला गेला. २०२० साली संघाच्या कंपनीचे ८० टक्के भाग संजीव गोएंका यांच्या उद्योगसमूहाकडे गेले आणि क्लबाकडे २० राहिले. जर्मनांचा हिशेब येथे पार उलटा झाला. नव्या मालकांच्या जुन्या संघाची अक्षरे मोहन बागानच्या नावापुढे लागली, तेव्हा पाठीराख्यांनी रस्त्यावर येऊन निषेध केला. २०२३ साली ती अक्षरे गेली. (त्यांच्या जागी मागे 'सुपर जायंट' आले, हा भाग वेगळा!) ईस्ट बंगालने २०१८ ते २०२२ या अवधीत तीन धनिक पाहिले. त्यांतील दुसऱ्याच्या अंतिम करारावर सही केल्यास सभासदांचे हक्क जातील, असे सांगून चालकांनी २०२१ साली सही नाकारली. तेव्हा पाठीराख्यांतच दोन तट पडले आणि पोलिसांनी लाठी चालविली. चालक सभासदांचे हक्क राखीत होते की स्वतःच्या खुर्च्या, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला, आणि तो अगदीच गैर नव्हता.

मुंबईत असा तंटा झाला नाही, कारण तंट्याला सभासदच नव्हते. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स करंडकाची स्पर्धा आरंभी पलटणींची होती. पुढे नावारूपास आले ते मुख्यतः गिरण्या, रेल्वे आणि कंपन्या यांचे संघ. खेळाडूला नोकरी मिळे, संघाला साहेबांचा आश्रय मिळे. १९६२ साली उभा राहिलेला महिंद्रांचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळीचा विजेता झाला, आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. २००७ साली एस्सेल समूहाने काढलेला मुंबई एफ. सी. दहा वर्षांत संपला.

२०१४ साली मुंबई सिटीचा संघ निघाला तोच मुळी कंपनी म्हणून. २०१६ पासून त्याचे सामने अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात होऊ लागले. २०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या समूहाने त्याचे ६५ टक्के भाग घेतले. त्यानंतर संघाने दोनदा साखळीची ढाल आणि दोनदा करंडक मिळविला, आणि २०२२ साली आशियाई चँपियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. एवढे यश वर्गणीच्या पैशांतून आले नसते, हे मान्य केले पाहिजे. पुढे लीगचे व्यापारी भवितव्य डळमळले, आणि २०२५ च्या डिसेंबरात त्या समूहाने आपले भाग मूळ मालकांकडे सोपवून निरोप घेतला. आठवड्यामागून आठवडे अंधेरीस जाणाऱ्या माणसांना यावर मत देण्याची कोणतीही सभा नव्हती.

मात्र ते मैदान महापालिकेचे आहे, म्हणजे करदात्यांचे आहे. कोणत्याही संघाला ते देताना, नाव, रंग आणि गाव बदलण्यापूर्वी जाहीर सभा भरवावी लागेल, अशी एक अट भाडेकरारात घालावी, असे आम्ही सुचवितो.