चमकेची वजाबाकी

महागड्या स्पोर्ट्स कारचे मोल तिच्या इंजिनात आहे असे आपण धरून चालतो, आणि ते चूक नाही. पण गाडी रस्त्याकडेला उभी राहिली की लोकांचे डोळे जिथे खिळतात तो पारदर्शक लॅकरचा थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. डोक्यावरचा केस त्याहून जाड भरेल. त्याच्याखाली प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट, त्याखाली प्रायमर आणि अगदी तळाशी, पत्र्याला बिलगून, विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर. सगळ्यांची बेरीज कारखान्यातून निघताना साधारण 100 ते 140 मायक्रॉन. गाडीच्या रंगाची निगा हा विषय या जाडीच्या हिशेबाचा आहे. गॅरेजमध्ये 'पॉलिश मारून देतो' असे म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की काहीतरी वर चढणार. चढत काहीच नाही. कंपाउंडमधले बारीक खडे ओरखड्याच्या कडा घासून सपाट करतात, प्रकाश पुन्हा सरळ परावर्तित होतो आणि आपण त्याला चमक म्हणतो. एका जोरकस रबिंगमध्ये क्लिअर कोटचे दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दर दिवाळीला रबिंग करून घेणारा मालक आपल्या गाडीचे आयुष्य हप्त्याहप्त्याने खर्च करत असतो, आणि त्याची पावती त्याला कोणी देत नाही.

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीच्या आतबाहेरच्या निगेच्या, क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना मला हीच एक गोष्ट आधी सांगावीशी वाटते. बाकीचे तंत्र हाताला सवयीने येते. काय काढायचे नाही हे मात्र शिकावे लागते.

थोडा इतिहास. मोटारी जेव्हा तेलाच्या वार्निशने रंगवल्या जात तेव्हा एकेक थर वाळायला दिवस लागत आणि एक गाडी पुरी व्हायला आठवडे. 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे नायट्रोसेल्युलोज लॅकर 'ड्यूको' या नावाने जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आले आणि हे काम तासांवर आले. आपल्याकडच्या वाचकाला जवळचा टप्पा त्यानंतरचा. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतली लाल मारुती आठवा. त्यांच्यावर वेगळा पारदर्शक थर नव्हता, रंगद्रव्य थेट उन्हाला उघडे होते. म्हणून लाल गाडी काही उन्हाळ्यांत गुलाबी-पांढुरकी पडे, आणि पॉलिश केले की फडके लाल होई. ही परीक्षा आजही उपयोगी आहे. जुनी गाडी हाती आली की डिकीच्या आतल्या कडेला थोडे पॉलिश घासून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर ती एकाच थराची. नाही उतरला तर वर क्लिअर कोट आहे आणि रंग अजून शाबूत आहे.

आता मुक्कामाचे गाव. रंगाच्या निगेवरची बहुतेक पुस्तके थंड, कोरड्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत लिहिली गेली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याला त्यांतले निम्मे लागू पडत नाही आणि इथले निम्मे त्यांत सापडत नाही.

पहिली गोष्ट रेल्वेची. 1856 साली कल्याणहून खोपोलीकडे रूळ गेले तेव्हापासून ही गावे रेल्वेच्या काठावर वाढली. चाक आणि रूळ, ब्रेक आणि चाक यांच्या घर्षणातून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सतत उडतात. रुळालगतच्या सोसायटीत उभ्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून रात्री टॉर्च तिरका फिरवा. नारिंगी ठिपके दिसतील. तो चिखल नव्हे. कण क्लिअर कोटमध्ये रुतून तिथेच गंजत असतो. साबणाने तो निघत नाही, आणि नखाने किंवा खरखरीत फडक्याने काढायला गेलो तर तो आजूबाजूचा थर ओरबाडत निघतो. यासाठी थायोग्लायकोलेटचे द्रावण असते. ते लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते आणि विरघळलेला कण पाण्यासोबत वाहून जातो. वास मात्र कुजक्या अंड्यासारखा. शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी. राहिलेले कण क्ले बार नावाच्या मऊ वडीने, भरपूर ओलावा ठेवून, उचलायचे.

बदलापूरच्या वाचकाला दुसरा जांभळा डागही माहीत असेल. मे अखेरीस आणि जूनमध्ये जांभळाच्या झाडाखाली गाडी लावली की फळ पडते, आणि फळ खाल्लेले बुलबुल आणि वटवाघळे आपापले योगदान देतात. रस आम्लधर्मी, विष्ठा त्याहून वाईट, आणि भर उन्हात क्लिअर कोट तापून किंचित मऊ झालेला. संध्याकाळी तो गार होऊन आकसतो तेव्हा वाळून घट्ट झालेल्या डागाचा ठसा त्यात कायमचा उमटतो. उपाय साधा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत: डागावर ओले फडके दहा मिनिटे ठेवायचे, मग उचलायचे. घासायचे नाही. एका जांभळ्या रंगाला घाबरायचे आणि दुसरा दिसला की हायसे वाटून घ्यायचे, हा या गावांतल्या डिटेलरचा खास अनुभव.

इथल्या हवेबद्दल वेगळे सांगायला नको. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने दाटीने आहेत. जून 2021 मध्ये बदलापुरात रात्री झालेली वायुगळती अनेकांच्या लक्षात असेल. आम्लाचा अंश घेऊन उतरलेले दव आणि पहिला पाऊस गाडीवर वाळला की पांढुरके वलय उमटते. त्यात नव्या बांधकामांची भर. सिमेंटची धूळ ओली झाली की उलट टोकाची, तीव्र अल्कधर्मी होते. पोडियमखालच्या पार्किंगमध्ये स्लॅबच्या फटीतून टपकणारे पाणी तर चुना घेऊनच येते, आणि एका रात्रीत बॉनेटवर असा चट्टा पाडते की पॉलिशनेही तो अर्धाच जातो. लाखमोलाच्या गाडीसाठी जागा निवडताना लोक कॅमेरा कुठे आहे ते पाहतात. त्यांनी आधी छताकडे पाहावे.

पाण्याचेही तसेच. बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे नळाचे पाणी धुण्याला ठीक असते, पण सोसायटीच्या टाकीत बोअरवेल आणि टँकर मिसळले की बेसॉल्टमधून आलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत येतात. थेंब वाळतो, क्षार राहतात. पाण्यातले क्षार मोजणारे दोनशे-तीनशे रुपयांचे टीडीएस मीटर या कामात महागड्या शाम्पूपेक्षा जास्त शिकवते. शेवटचे पाणी क्षारमुक्त करून वापरावे. ते जमत नसेल तर सावलीत धुवून लगेच टिपून घ्यावे.

आणि रोज पहाटे एका बादलीत, एका पिवळ्या फडक्याने, ओळीने दहा गाड्या पुसणारा माणूस. स्पोर्ट्स कारवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल ओरखड्यांचा निम्मा वाटा त्याच्या नावावर जातो, पण दोष त्याचा नाही. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत त्याला दोन बादल्या, तळाशी जाळी आणि प्रत्येक गाडीला धुतलेले मायक्रोफायबर परवडत नाही. धुळीत दगडाची भुकटी असते आणि तिच्यातले फेल्डस्पार हे खनिज लॅकरपेक्षा कितीतरी कठीण असते. कोरड्या बॉनेटवर फडके फिरवणे म्हणजे सॅंडपेपर फिरवणे. धूळ बसलेली गाडी आठवडाभर तशीच राहू द्या, पण कोरडी पुसू देऊ नका. हे मालकांना पटवणे रसायनशास्त्रापेक्षा अवघड आहे.

आता अंबरनाथच्या शिवमंदिराकडे वळतो; ते या चर्चेत कसे आले असे कुणी विचारील. शके 982 चा, म्हणजे 1060 चा, शिलाहार काळातला शिलालेख असलेली ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिच्या बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती साडेनऊशेहून अधिक पावसाळ्यांनी झिजल्या आहेत. पृष्ठभागाचे जतन म्हणजे काय याचा विचार जगभरच्या वारसा-जतनतज्ज्ञांनी अशाच वास्तूंवर केला आणि दोन नियम हाती आले: हस्तक्षेप शक्य तितका थोडा, आणि शक्यतो परत फिरवता येईल असा. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, 2012 मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही हीच भूमिका आहे. मूळ रंग आणि मूळ कातडे टिकवणे हे नवेकोरे करण्यापेक्षा वरचे मानले आहे. या कसाला आपली कामे लावून पाहा. मेण चढवणे परत फिरवता येते, दोन महिन्यांत ते आपोआप उतरतेच. पारदर्शक संरक्षक फिल्म, पीपीएफ, काढता येते. रबिंग परत फिरवता येत नाही. म्हणून पॉलिशिंग मशीन हाती घेण्याआधी जाडी मोजणारा गेज हाती घ्यावा. पोलादी पत्र्यावर तो चुंबकत्वाने मोजतो, ॲल्युमिनियमवर एडी करंटने, आणि कार्बन फायबरच्या भागावर दोन्ही पद्धती निरुपयोगी ठरून अल्ट्रासोनिक लागतो. स्पोर्ट्स कारमध्ये हे तिन्ही पदार्थ एकाच गाडीत भेटू शकतात.

कोटिंगच्या जाहिरातींवर एक टिप्पणी करून पुढे जातो. 'नाइन एच कठीणता' असे छापलेले असते आणि ग्राहक खनिजांच्या कठीणतेच्या मापातल्या हिऱ्याच्या दहा अंकांशी तुलना करतो. ते नऊ पेन्सिलचे आहेत: वेगवेगळ्या कठीणतेच्या शिसपेन्सिली थरावर ओढून पाहण्याची ती चाचणी आहे. सिरॅमिक कोटिंग पाणी झटकते, धूळ सैल ठेवते, रसायनांना काही काळ थोपवते. हे सगळे आमच्या पावसाळ्यात खरोखर उपयोगी आहे. किल्लीचा ओरखडा किंवा काटई नाक्याकडे जाताना डंपरच्या चाकातून उडालेला खडा ते अडवत नाही. त्यासाठी दीडशे-दोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्मच हवी. तिचा पूर्वज व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वाळूपासून रक्षण करण्यासाठी बनला होता.

आतला भाग हा वेगळाच प्रांत, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित. महाराष्ट्राला स्पोर्ट्स कार म्हटले की अजूनही एकच आठवते: 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरने सचिन तेंडुलकरच्या हाती सोपवलेली लाल फेरारी 360 मोडेना. ब्रॅडमनच्या 29 शतकांच्या बरोबरीची ती भेट, नंतर आयात शुल्काच्या माफीवरून झालेला वाद, शेवटी शुल्क फियाटने भरणे, आणि 2011 च्या सुमारास गाडी सुरतेला जाणे, हे सगळे लोकांना पाठ आहे. पण 360 हे मॉडेल डिटेलरांच्या जगात दुसऱ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. तिच्या आतल्या बटणांवर आणि प्लास्टिकवर स्पर्शाला मखमली वाटावा असा मऊ लेप होता. काही वर्षांनी उष्णता आणि दमटपणात हा लेप विघटित होऊन चिकट होतो. बोटाला काळे लागते. त्या काळच्या अनेक इटालियन गाड्यांचा हा दोष. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो लवकर येणार हे उघड आहे. लेप पूर्ण उतरवून भाग पुन्हा रंगवणे हाच टिकाऊ उपाय. पुसत बसल्याने चिकटपणा पसरतो आणि चिन्हे मात्र पुसली जातात.

उल्हासनगरची जीन्स देशभर जाते, आणि क्रीम रंगाच्या कातडी सीटचा सगळ्यांत मोठा शत्रू नवी जीन्स आहे. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसते. घाम आणि घर्षण मिळाले की ती कातड्यावर उतरते. डाग ताजा असताना कातड्यासाठीच्या सौम्य क्लीनरने आणि मऊ ब्रशने निघतो. महिनाभर मुरला की वरच्या लेपात शिरतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आजच्या बहुतेक गाड्यांचे कातडे रंगद्रव्य आणि पॉलियुरेथेनच्या लेपाखाली असते, त्यामुळे त्याला तेल 'पाजता' येत नाही. चोळलेले तेल वरच राहते, धूळ धरते आणि सीट तुकतुकीत दिसते. चांगले कातडे मंदच दिसते. चकाकणारी सीट मळलेली असते. अल्कंटारा, म्हणजे 1970 मध्ये जपानच्या तोरे कंपनीत ओकामोतो यांनी शोधलेले सूक्ष्म धाग्यांचे कृत्रिम कापड, त्याला तर तेल लावूच नये. ओलसर फडके, मऊ ब्रश, एवढेच.

पावसाळ्यात बंद उभ्या गाडीत बुरशी दोन आठवड्यांत धरते. जाड कव्हर घालून गाडी झाकून ठेवली की ओल आत कोंडते आणि कव्हरखालची धूळ वाऱ्याने रंगावर घासली जाते, म्हणजे दुहेरी नुकसान. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून एसी चालवावा, काचा उघडून वारा द्यावा. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती. त्या पट्ट्यात जमिनीपासून चार-पाच इंचांवर पोट असलेली गाडी तळमजल्यावर ठेवणाऱ्याने जूनमध्येच उंच जागा शोधलेली बरी. पाणी शिरलेच तर सीट काढून कार्पेटखालचा फोम बाहेर काढावा. वरून कोरडा लागणारा कार्पेट खाली महिनाभर ओला राहतो आणि वायरींचे जोड तिथेच असतात.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोम, रेक्झिन आणि शिलाईचे कौशल्य पिढीजात आहे. सीटची शिवण उसवली तर नव्या डिटेलरने त्या कारागिरांकडे बसून शिकावे. धुण्याचे पाणी कुठे जाते हेही पहिल्याच दिवशी पाहावे. वालधुनी नदीने आधीच पुष्कळ सोसले आहे. 2014 मध्ये तिच्यात रसायन ओतल्याने उल्हासनगरातल्या अनेकांना श्वास घेणे कठीण होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते. चाकांसाठीची तीव्र आम्ले वापरू नयेत. ती गटारालाही वाईट आणि ब्रेकच्या भागांनाही.

सराव कशावर करावा असे विद्यार्थी विचारतात. भंगारवाल्याकडून एक जुने बॉनेट आणा. मधोमध मास्किंग टेप लावा, एका बाजूला हात लावू नका. दुसऱ्या बाजूला सर्वांत सौम्य पॅड आणि पॉलिशने सुरुवात करा, प्रत्येक फेरीआधी आणि नंतर गेजचा आकडा वहीत लिहा, आणि मुद्दाम घासत राहा, क्लिअर कोट संपून फडक्यावर रंग येईपर्यंत. कडेला आणि बॉडी लाइनच्या उंचवट्यावर तो सगळ्यांत आधी संपेल. तिथे थर मुळातच पातळ असतो, आणि मशीनचा दाबही तिथेच एकवटतो.