गणिताचा गृहपाठ आणि आपल्या तीन पिढ्या

गणित सुटेना म्हणून शाळा सुटली, असे सांगणारा माणूस आपल्या वस्तीत घरटी एक तरी सापडेल. गृहपाठ म्हणजे घरी करायचा पाठ. घरात सांगणारं कुणीतरी आहे, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. आपल्या घरात ते माणूस का नव्हतं, याचा इतिहास आहे आणि तो पोरांना माहीत असावा म्हणून आम्ही लिहितो. डोकं कमी होतं, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

आपलं शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे गणित आणि विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवीत. त्यासाठी पुस्तकांचं भाषांतर करणारं खास खातं होतं. काम मोठं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पण त्या काळी इकडे जे थोडेफार शिकले, त्यांचा गुणाकार म्हणजे ‘जर्ब’, भागाकार म्हणजे ‘तक्सीम’ आणि त्रिकोण म्हणजे ‘मुसल्लस’. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, शाळा मराठी झाल्या. मुसल्लस शिकलेला आजोबा नातवाला मराठीतली भूमिती कशी सांगणार? आणि हे झालं शिकलेल्यांचं. आपले बहुतेक वाडवडील त्या शाळेची पायरीही चढले नव्हते. त्यांच्याकडे तोंडी हिशेब होता, पावकी, निमकी, दिडकी. बाजारात त्यांना फसवणं सोपं नव्हतं, पण बीजगणितातला ‘क्ष’ समोर आला की ते गप्प बसत.

बाबासाहेबांना ही अडचण अनुभवाने ठाऊक होती. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळतील म्हणून मुलं धावली, डबे बाजूला घेतले, मग बाबासाहेबांनी फळ्याला हात लावला. घरी परळच्या चाळीत अभ्यासाला जागा नव्हती. तरी त्यांच्यामागे शिकलेले वडील होते. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. ज्याच्या घरी रामजीबाबा नाहीत, त्याने काय करायचं?

आमच्या मते त्याचं उत्तर नागसेनवनात आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० च्या जूनमध्ये इथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. कलेबरोबर विज्ञान शाखाही सुरुवातीपासून ठेवली. १९५५ ला मिलिंद हायस्कूल आलं. सोबत वसतिगृह. खेड्यातून आलेल्या पोराला वसतिगृहाने निवारा तर दिलाच, पण शेजारच्या खाटेवर वरच्या वर्गातला मुलगाही दिला. अडलं की त्याला विचारायचं. घरी नसलेलं शिकलेलं माणूस तिथे भेटत होतं. कॉलेजच्या इमारतीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, या खाटेबद्दल कमी.

आमची पिढी मराठीतून शिकली: विस्थापन, त्वरण, संवेग. पुढे गिरणी. गिरणीत जाऊन गणित संपलं असं नाही, उलट तिथेच ते कळलं. मोटारीची पुली १० सेंटीमीटरची, फिरते मिनिटाला १४४० फेरे. पट्ट्याने जोडलेली यंत्राची पुली ३० सेंटीमीटरची. पट्टा घसरला नाही तर यंत्र किती फेरे फिरेल? पुली तिप्पट मोठी, म्हणून फेरे तिसरा हिस्सा, ४८०. पुस्तकात याला व्यस्त चलन म्हणतात. जॉबर ते पुस्तक न वाचताच पुली बदलून वेग कमी-जास्त करायचा.

आता आपली पोरं सेमी-इंग्रजीत आहेत. त्वरणाचं ‘ॲक्सिलरेशन’ झालं. म्हणजे तिसऱ्यांदा शब्द बदलले आणि बाप पुन्हा गप्प बसला. क्लासची फी गिरणीच्या पगारात बसत नाही. म्हणून विहारात संध्याकाळी पोरं वही घेऊन बसतात, तेव्हा आम्ही आधी उत्तर सांगत नाही. काय दिलंय? काय काढायचंय? एकक कोणतं? एवढं पोराने आपल्या बोलीत सांगायचं, मग इंग्रजी शब्द घालायचे. अर्धी उदाहरणं तिथेच सुटतात. पुलीचं गणित तर पोरींनी सायकलच्या दातेरी चाकावर स्वतः करून दाखवलं. पुढे ४४ दाते, मागे २२, एका पायडलाला मागचं चाक दोन फेरे.

गणिताचं असं निभावतं. प्रकाशाचं वक्रीभवन आणि विद्युतधारा आली की मात्र आम्ही अडतो. वस्तीतली जी मुलंमुली इंजिनिअरिंगला किंवा बी.एस्सी.ला आहेत, त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास द्यावेत. फळा आणि खडू विहाराचा आहे.