पेटी, पडदा आणि पोथी

ग्रंथपालाच्या फारशा ठाऊक नसलेल्या कामांचा चित्रफलक करायला घेतला, तर बहुतेक जण मधोमध देवघेवीचे टेबल काढतील, त्यामागे ग्रंथपाल बसवतील आणि कडेने वर्गीकरण, सूची, बांधणी, संदर्भसेवा अशी कामे मांडतील. ही मांडणी मला मुळातच चुकीची वाटते. तिच्यातून असे दिसते की पुस्तक देणे-घेणे हे खरे काम आणि बाकीची जोडकामे. इतिहास नेमके उलटे सांगतो. टेबलाशी बसून नोंद करायला चोख अक्षराचा कारकून पुरत होता. खास शिकवून तयार केलेल्या ग्रंथपालाची निकड भासली ती टेबलापासून दूर असलेल्या कामांसाठी, आणि हे सर्वांत स्पष्ट दिसते ते बडोदे संस्थानात.

टेबलाचे चित्र आपल्या मनात एवढे घट्ट का बसले, त्याचे कारण आपल्या जुन्या वाचनालयांच्या रचनेत आहे. रत्नागिरी (1828), अहमदनगर (1838), नाशिक (1840), पुणे (1848) इथली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’च्या धर्तीवरची वाचनालये इंग्रज अधिकारी आणि गावातल्या प्रतिष्ठितांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि मुख्यतः वर्गणीवर चालली. वर्गणी भरणारा वाचक पायऱ्या चढून येणार, त्याला हवे ते पुस्तक द्यायचे आणि परत आले की खूण करायची, एवढे झाले की व्यवहार पुरा होई. जो आलाच नाही, त्याचा विचार या रचनेत बसत नव्हता.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी 1893मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि 1906मध्ये तो संस्थानभर लागू केला. शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती छापील कागदच पडला नाही, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसून जातात. म्हणून 1910मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून स्वतंत्र ग्रंथालय खाते उभारले गेले. महाराजांच्या खासगी संग्रहातल्या सुमारे 20,000 ग्रंथांवर मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला आणि 1911मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग निघाला. हिंदुस्थानातला हा असा पहिला वर्ग मानतात. या खात्याची ओळख ठरली ती फिरती पेटी. निवडक पुस्तकांची लाकडी पेटी रेल्वेने गावोगाव जाई, तिचे भाडे खाते भरी आणि वाचकाला पैसा पडत नसे. काही दिवसांनी ती परत येऊन दुसऱ्या गावाला निघे. या पेटीमागे ग्रंथपालाला किती गोष्टींचा विचार करावा लागला असेल, ते पाहावे. ज्या गावाने पुस्तक मागितलेलेच नाही, त्या गावाला काय वाचावेसे वाटेल? शेतीवरचे पुस्तक वर ठेवावे की गोष्टींचे? जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी 1919मध्ये आणि न्यूटन मोहन दत्त यांनी 1928मध्ये या चळवळीवर पुस्तके लिहिली. दोघेही त्याच खात्याचे अधिकारी होते, म्हणजे आपल्या कामाचा लेखी हिशेब देणे हेही त्यांनी कामच मानले.

आणि ज्याला वाचताच येत नाही, त्याचे काय? या खात्याला दृश्य शिक्षणाची एक शाखा होती. सिनेमाचे यंत्र, जादूच्या कंदिलाच्या काचा, स्टिरिओस्कोप असे साहित्य घेऊन तिची माणसे खेड्यांत खेळ दाखवीत. चित्रातून माहिती पोचवण्याची कल्पना आज आपल्याला नवी वाटते, पण शंभर वर्षांपूर्वी एका ग्रंथालय खात्याने ती रात्रीच्या अंधारात पडदा टांगून राबवली होती. मला हे फार मोलाचे वाटते. निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा हक्कदार आहे, ही भूमिका त्यात होती, आणि ती आजही आपल्या पचनी पडलेली नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हे शिक्षणखात्याचे काम. ग्रंथपालाने सिनेमा दाखवला म्हणून ते ग्रंथपालन होत नाही. पण शिक्षकाचे काम ठरलेल्या अभ्यासक्रमाभोवती फिरते. कोणती माहिती कुठे आहे आणि ती कुणापर्यंत पोचलेली नाही, या दोन याद्या एकाच वेळी डोक्यात ठेवणे हे ग्रंथपालाचेच कसब, मग माहिती कागदावर असो की काचेवर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सारा राजाच्या पैशाचा खेळ, तो इतरांना कसा लागू करावा? राजाश्रय होता, हे खरेच. तरी गावच्या ग्रंथालयासाठी एक वाटा लोकांनी उभा केला तरच पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालीत, अशी तिथली पद्धत होती. आणि राजाश्रय नसलेल्या ठाण्यातही 1893मध्ये विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले ते केवळ मराठी ग्रंथ जमवून जपण्याच्या हेतूने. शोधून आणणे आणि सांभाळणे हे काम तिथेही देवघेवीच्या आधी आले.

शोधून आणण्याच्या या कामाचे बडोद्यातले मोठे उदाहरण चिमणलाल दलाल यांचे. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागाचे हे ग्रंथपाल 1914च्या सुमारास पाटणच्या जैन भांडारांत गेले. पीटर्सन, भांडारकर अशा पंडितांनी त्याआधी तिथल्या पोथ्या पाहिल्या होत्या. पण भांडारे जैन संघाच्या ताब्यात. कुलूप उघडायला पांडित्याच्या जोडीला विश्वास मिळवावा लागे. दलालांनी तिथे बसून ताडपत्रे पाहिली, टिपणे काढली. याच शोधातून राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ 1916मध्ये छापून आली आणि तिच्यापासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. दलाल 1918मध्ये वारले. त्यांनी हाती घेतलेली अपभ्रंशातली ‘भविसयत्तकहा’ पुण्याच्या पांडुरंग दामोदर गुणे यांनी पुरी केली. 1923च्या त्या आवृत्तीवर दोघांचीही नावे आहेत. पाटणच्या भांडारांतल्या हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची मात्र राहिली होती. दलालांच्या टिपणांवरून ती लालचंद्र भगवानदास गांधी यांनी सिद्ध केली आणि 1937मध्ये, दलालांच्या मृत्यूनंतर 19 वर्षांनी, ती त्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली.