कॅप्टन उमरावसिंह : तोफखान्यातील शेतकरी

या स्मरणिकेच्या पानांवर बहुधा आपल्या ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांचीच चरित्रे प्रसिद्ध होतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही एका परप्रांतीय गृहस्थाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींच्या पुढे ठेवीत आहो. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपली भाषा बोलणारेही नव्हेत. तथापि नांगर आणि बंदूक या दोहोंवर ज्या घराण्यांचा निर्वाह पिढ्यान् पिढ्या चालला, त्या घराण्यांस हे चरित्र परके वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

दुसऱ्या महायुद्धात महाराष्ट्रातील दोन तरुणांस व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचे सर्वश्रेष्ठ पदक लाभले, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. दुसरे नामदेव जाधव हे नगर जिल्ह्यातील निमज गावचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी सोबत्यांस पाठीवर घेऊन सुरुंगांनी भरलेला बांध ओलांडला आणि शत्रूच्या मशिनगनी बंद पाडल्या. ते त्या रणातून वाचले व १९८४ साली पुण्यास निवर्तले. ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहो ते उमरावसिंह याच मालिकेतील होत. परंतु त्यांस पुढे दीर्घायुष्य लाभले, आणि त्या दीर्घायुष्याची कथा रणांगणावरील पराक्रमाइतकीच आम्हांस महत्त्वाची वाटते. रणात देह ठेवणाऱ्या वीराचे पोवाडे आपल्याकडे उदंड झाले. रणातून जिवंत परतून, पुन्हा औत धरून, म्हातारपणी पेन्शनीच्या रकमेकडे डोळे लावून बसलेल्या वीराचा पोवाडा कोणी रचल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

उमरावसिंह यांचा जन्म १९२० साली झज्जरनजीकच्या पलडा या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. हा मुलूख तेव्हा पंजाब प्रांताच्या रोहतक जिल्ह्यात मोडत असे. १९६६ साली हरियाणा राज्य झाले आणि तो त्यात समाविष्ट झाला. दिल्लीच्या पश्चिमेचा हा प्रदेश सैन्यभरतीसाठी पहिल्या महायुद्धापासून प्रसिद्ध होता. त्याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. पावसाचा भरवसा नाही, जमिनीचे तुकडे पडत चाललेले, आणि घरात भाऊ दोन-चार. अशा घरातील एक मुलगा पलटणीत गेला म्हणजे दर महिन्यास येणारी मनिऑर्डर हे न चुकणारे पीकच होय. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या आपल्या जिल्ह्यांतूनही मुले पलटणीत गेली ती काही केवळ शौर्याच्या ओढीने नव्हे, हे आपण घरच्या घरी जाणतोच. गावच्या शाळेत थोडे शिक्षण झाल्यावर उमरावसिंह १९३९ साली, म्हणजे युद्ध सुरू झाले त्याच वर्षी, सैन्यात दाखल झाले व तोफखान्यात हवालदारपदास पोहोचले.

त्यांची नेमणूक डोंगरी तोफखान्यात होती. हा तोफखाना मोठ्या रणगाड्यांच्या युद्धातला नव्हे. याच्या तोफा सुट्या भागांत मोडता येतात, ते भाग खेचरांच्या पाठीवर लादून चढणीवर नेतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा जोडतात. १९४४ च्या अखेरीस ब्रह्मदेशातील आराकान प्रांती कलादान नदीच्या खोऱ्यातून पश्चिम आफ्रिकेचे ८१ वे डिव्हिजन पुढे सरकत होते. त्यास साह्य करण्याकरिता हिंदी तोफखान्याची ३० वी माउंटन रेजिमेंट दिली होती. आजच्या घाना देशातून आलेले आफ्रिकी शिपाई, रोहतकचा हवालदार, समोर जपानी, आणि जंगल ब्रह्मी लोकांचे! इंग्रजांच्या साम्राज्याने कोठकोठली माणसे एका खोऱ्यात आणून उभी केली होती, याचा विचार मनात आला म्हणजे मोठे नवल वाटते.

१५ डिसेंबरच्या रात्री व १६ च्या पहाटे जे घडले ते असे. उमरावसिंह यांच्या ताब्यात एक तोफ व तिची तुकडी आघाडीवर होती. जपान्यांनी प्रथम तोफा व उखळी तोफा यांचा दीड तास भडिमार केला आणि मग पायदळाच्या निदान दोन कंपन्या अंगावर घातल्या. उमरावसिंह ब्रेन गन हाती घेऊन स्वतः लढत होते व आपल्या गोलंदाजांच्या बंदुकांस दिशाही देत होते. हातबॉम्बने त्यांस दोन जखमा झाल्या. पहिली लाट परतली. दुसऱ्या लाटेत ते स्वतः व आणखी दोघे एवढेच उरले, बाकीचे सारे कामी आले. तरीही तोफ हातची गेली नाही. तिसऱ्या वेळी मात्र काडतुसे सरली.

तोफेचे अवजड भाग उचलण्याकरिता गोलंदाजांपाशी एक जाड लोखंडी दांडा असतो. आपल्या शेतकरी वाचकांनी पहार डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे तो कसा असेल हे ध्यानात येईल. उमरावसिंहांनी तोच उचलला. त्याने त्यांनी तीन शत्रूंस लोळविलेले पाहणाऱ्यांनी पाहिले, आणि मग त्यांच्यावर घावांचा वर्षाव होऊन ते कोसळले. सहा तासांनी प्रतिहल्ला करून ती जागा परत घेण्यात आली, तेव्हा ते तोफेच्या जवळच बेशुद्ध पडलेले आढळले. मस्तकावर इतके वार होते की चेहरा ओळखू येत नव्हता. हातातील दांडा मात्र सुटला नव्हता. भोवती दहा जपानी मरून पडले होते. तोफ शाबूत होती आणि त्याच दिवशी ती पुन्हा डागण्यात आली.

३१ मे १९४५ रोजी त्यांचे पदक जाहीर झाले व त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला बकिंगहॅम राजवाड्यात बादशहा सहावे जॉर्ज यांनी ते स्वहस्ते त्यांच्या छातीवर लावले. त्या महायुद्धात तोफखान्याच्या बिनसनदी अधिकाऱ्यांपैकी हा मान मिळविणारे ते एकटेच होत.

येथे या पदकाविषयी थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १८५६ साली राणी व्हिक्टोरियाच्या नावे हे सुरू झाले, परंतु हिंदी शिपायांस ते मिळू शकत नसे. तो हक्क १९११ साली मिळाला, आणि पहिल्या महायुद्धात खुदादाद खान हे त्याचे पहिले हिंदी मानकरी झाले. पदक आहे कांशाचे. शत्रूकडून जिंकलेल्या जुन्या तोफांचा धातू त्यास वापरतात अशी परंपरा सांगतात. त्या तोफा नेमक्या कोणत्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सोनाराच्या काट्यावर त्याचे मोल काहीच नाही. संग्राहकांच्या बाजारात मात्र त्यास लाखो रुपये पडतात. पदकाबरोबर वार्षिक तनखाही असतो, तो आरंभी दहा पौंड होता.

उमरावसिंह पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यातही राहिले, सुभेदार-मेजर झाले व मानद कॅप्टन ही पदवी घेऊन घरी आले. घर म्हणजे तेच पलडा गाव, आणि जमीन दोन एकर, तीही भावासह सामाईक. ज्या माणसाच्या छातीवर राजाने पदक लावले तो पुन्हा त्या दोन एकरांत कष्ट करू लागला. व्हिक्टोरिया क्रॉसचा तनखा वर्षाला १६८ पौंड, म्हणजे महिना चौदा पौंड मिळे. १९९५ च्या भावाने त्याचे सातशे रुपयांच्या आसपास होतात. त्यात एका शेतकरी कुटुंबाचा संसार कसा चालावा, याचा हिशेब आपल्या गृहिणींनीच करून पाहावा. त्यांच्या या अवस्थेचा सुगावा लागून पदकांच्या संग्राहकांनी त्यांस मोठमोठ्या रकमा देऊ केल्या. त्यांनी पदक विकण्यास नकार दिला. रणात पडलेल्या सोबत्यांच्या नावास त्यामुळे बट्टा लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या रात्री एका तोफेभोवती किती जण पडले होते हे ज्याने पाहिले, त्यास ते पदक एकट्याचे वाटू नये, हे स्वाभाविकच आहे.

असे असले तरी, ज्या घरांनी अडचणीच्या दिवसांत आजोबांची पदके विकली त्यांस आम्ही दोष देऊ इच्छीत नाही. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदक चांदीचे असे. चूल थंड असता चांदीकडे पाहत बसणे सर्वांस साधत नाही. उमरावसिंहांस ते साधले, म्हणूनच त्यांचे कौतुक.

१९९५ साली महायुद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वर्षाच्या समारंभाकरिता ते लंडनला गेले. तेथे एक प्रसंग घडला. मानकऱ्यांच्या मंडपाच्या यादीत त्यांचे नाव आढळेना, आणि त्यांस माघारी जावे लागण्याची वेळ आली. इतक्यात संचलनाची व्यवस्था पाहणारे ब्रिगेडियर टॉम लाँगलंड यांस काठी टेकीत येणारा एक वृद्ध दिसला. अंगावर जुनाट रेनकोट, आणि त्यावर तो कांशाचा क्रॉस! ब्रिगेडियर जागच्या जागी थांबले व त्यांनी त्या म्हाताऱ्यास सॅल्यूट केला. म्हाताऱ्यानेही काठीसह ताठ उभे राहून आपण भारतातील व्हिक्टोरिया क्रॉसवाले असल्याचे मोडक्या इंग्रजीत सांगितले. त्यांचे डोळे भरून आले होते, असे ब्रिगेडियरांनी नमूद केले आहे.

आपल्यापैकी कोणी असता तर एवढ्या सन्मानाने कृतार्थ होऊन परतला असता. उमरावसिंहांनी तसे केले नाही. ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांची गाठ पडताच त्यांनी तनख्याचा विषय काढला व इतक्या अल्प रकमेत निर्वाह होत नाही, हे स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षी तो तनखा १६८ पौंडांवरून १,३०० पौंडांवर नेण्यात आला. स्वतःसाठी गाऱ्हाणे मांडले आणि लाभ इतर हयात मानकऱ्यांसही झाला. ज्याने पदक विकले नाही त्यानेच पेन्शन मागितली, यात काहींस विसंगती वाटेल. आम्हांस ती वाटत नाही. पदक हे मेलेल्या सोबत्यांचे होते, आणि पेन्शन हे जिवंत माणसाचे देणे होते. देणे मागण्यास लाज कसली? आपल्या गावांतील पुष्कळ वृद्ध पेन्शनर तालुक्याच्या खिडकीपाशी ओशाळून उभे राहतात, तेव्हा त्यांच्या मुलांनी ही हकीकत त्यांस वाचून दाखवावी.

शेवटची वर्षे त्यांनी गावीच काढली. कर्करोगाने ग्रासल्यावर त्यांस दिल्लीच्या लष्करी इस्पितळात हलविण्यात आले. तेथे २१ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. भारतात राहणारे व्हिक्टोरिया क्रॉसचे ते अखेरचे मानकरी होत. त्यांच्या मागे दोन पुत्र व एक कन्या होती. पार्थिव देह पलड्यास आणून लष्करी इतमामाने दहन करण्यात आले. त्या प्रसंगी सरसेनापती जनरल जे. जे. सिंग व हरियाणाचे मुख्यमंत्री भूपिंदरसिंग हुड्डा हे जातीने उपस्थित होते. १९३९ साली एकोणीस वर्षांचा एक मुलगा ज्या गावातून भरतीस निघाला होता, त्याच गावाच्या मातीत हे झाले.