मेणवलीचा वाडा आणि त्याचे दप्तर

वाईहून कृष्णेच्या काठाने सुमारे तीन किलोमीटर गेले म्हणजे मेणवली गाव लागते, आणि गावाच्या नदीकडील अंगास नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा दिसतो. राजवैभवाच्या अपेक्षेने येणाऱ्याचा येथे किंचित विरस होण्याचा संभव आहे. कारण बारभाईंच्या कारस्थानापासून जवळजवळ पाव शतक मराठी राज्याची सूत्रे ज्याने हालविली, त्याच्या या घरात दरबारी डामडौल शोधूनही सापडत नाही. एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना जाणवते ती नोंदीनोंदीतून राज्याचा कारभार पाहणाऱ्या पुरुषाची शिस्त.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १७५६ मध्ये, वडिलांच्या मागे बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना यांच्याकडे फडणिशी आली. सरकारचा जमाखर्च, रोजकीर्द, सनदा आणि हुकूम या सर्वांवर ज्याची नजर फिरल्यावाचून कागद पुढे सरकत नसे असा हा हुद्दा होता, आणि तलवारीच्या बळावर मोठे झालेल्या सरदारांमध्ये नाना मोठे झाले ते या कागदाच्या बळावर. १७६८ मध्ये औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली नानांस इनाम दिली. त्यानंतर नानांनी येथे वस्ती वाढविली, वाडा उभारला, घाट बांधला आणि घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे अशी दोन देवालये केली.

वाड्याच्या मागील बाजूने घाटावर उतरले की काळ्या दगडाच्या पायऱ्या अर्धचंद्राकार वळण घेऊन कृष्णेच्या पात्रापर्यंत गेलेल्या दिसतात. तेथेच एका लहानशा देवळीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांस अर्पण झाल्या, त्यांपैकीच ही एक. तिच्यावरची आकृती कोणी खरवडून काढली नाही, ही गोष्ट मला त्या विजयाइतकीच मोलाची वाटते.

नानांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८०० नंतर, त्यांची अल्पवयीन पत्नी जिऊबाई हिच्या वाट्याला फार हाल आले. दुसऱ्या बाजीरावाच्या भयाने ती लोहगडावर राहिली, पुढे इंग्रजांच्या आश्रयाने पनवेलीस, आणि पेशवाई बुडाल्यावर मेणवलीत. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला, राजधानीतील कितीएक वाडे काळाच्या उदरात गेले. मेणवलीचा वाडा मात्र राजधानीपासून दूर आणि घरच्या माणसांच्या वहिवाटीत राहिल्यामुळे वाचला. वंशजांनी वेळोवेळी डागडुजी करून तो उभा ठेवला, म्हणून सागवानी खांब आणि भिंतींवरची जुनी चित्रे आज आपणांस पाहावयास मिळतात. अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा मानवत नाही. तो आतली ओल कोंडून ठेवतो आणि भिंत आतल्या आत कुजवितो. त्यांना घाण्यात मळलेला चुनाच हवा, आणि तो मळणारे हात दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहेत.

परंतु या वास्तूचा खरा प्राण तिच्या लाकडात वा चुन्यात नव्हता, तो तिच्या दप्तरात होता. रुमालांत बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे येथे पिढ्यानपिढ्या पडून होते. ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी ते आपल्या साताऱ्याच्या संग्रहात नेले, आणि त्यांच्या पश्चात तो संग्रह १९३९ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात आला. कागद वाळवीपासून वाचले हे उत्तमच झाले, आणि मूळ कागद तेथेच सुरक्षित राहावेत. तथापि ज्या घराचा धनी कागदावर जगला, त्या घराचा जीर्णोद्धार केवळ बांधकाम सावरल्याने पुरा झाला असे मी मानत नाही. निवडक रुमालांच्या छायाप्रती वाड्यात ठेवाव्यात, त्या वाचून दाखविणारा एखादा मोडी जाणकार वर्षातून काही दिवस तरी तेथे बसावा, आणि वाईच्या शाळांतील मुलांनी नानांच्या फडातील एखादे पत्र त्याच्याजवळ बसून अक्षर अक्षर लावावे.