स्टॉक कार शर्यतचालक

स्टॉक कार शर्यतचालक : दुकानातल्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या, पण शर्यतीसाठीच बांधलेल्या जड मोटारी मुख्यतः लंबगोल धावपट्टीवर चालवून उपजीविका करणारा व्यावसायिक. ‘स्टॉक’ म्हणजे कारखान्यातून आली तशी, विक्रीच्या साठ्यातली गाडी. आज हा अर्थ नावापुरता उरला आहे. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. दार उघडत नाही, म्हणून चालक खिडकीतून आत शिरतो आणि मग तिला जाळी लावतात. पुढच्या दिव्यांच्या जागी नुसती चित्रे चिकटवलेली असतात.

या पेशाचा उगम अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ मुलखात आहे. चोरटी दारू वाहणारे तरुण साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिने आणि स्प्रिंगा बदलून रात्री पोलिसांना हुलकावणी देत. दिवसा तेच मातीच्या पट्ट्यांवर एकमेकांशी झुंजत. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये ‘नास्कार’ ही नियामक संस्था स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लटला तिची ‘निखळ स्टॉक’ गाड्यांची पहिली शर्यत झाली. ती ग्लेन डनावे जिंकला. पण मागच्या स्प्रिंगांत फेरफार आढळल्याने तो बाद ठरला आणि विजय जिम रोपरकडे गेला. पुढे ५० शर्यती जिंकणारा ज्युनियर जॉन्सन वडिलांच्या दारूभट्टीवर पकडला गेला होता आणि तुरुंगात राहून आला होता. त्याला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ मध्ये माफी दिली.

२२ फेब्रुवारी १९५९ रोजी फ्लॉरिडात डेटोनाच्या अडीच मैलांच्या नव्या पट्टीवर पहिली ‘डेटोना ५००’ धावली. डेटोनाची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. त्या पहिल्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर गाड्या इतक्या लगत आल्या की आधी जॉनी बोशाँला विजेता ठरवले गेले आणि छायाचित्रे तपासून तीन दिवसांनी ली पेटीचा विजय मान्य झाला. लीचा मुलगा रिचर्ड पेटी याने २०० शर्यती आणि सात अजिंक्यपदे जिंकली. नातू आणि पणतूही याच पेशात आले.

एकाच दिशेला वळत राहण्यात कसले कौशल्य, असे वाटणाऱ्याने गाडी आणि चालक यांच्यातला संवाद समजून घ्यावा. पुढची चाके वळायला तयार नसली तर गाडी ‘टाइट’, मागचा भाग बाहेर सुटू लागला तर ‘लूज’. टायर झिजतात, इंधन घटते, ऊन चढते, तसा हा स्वभाव फेरीगणिक बदलतो. चालकाने तो अंगाने ओळखून रेडिओवर अचूक शब्दांत सांगायचा. मग क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या पथकाचा प्रमुख, पुढच्या थांब्यात स्प्रिंगचा ताण किंवा टायरमधली हवा थोडीशी बदलतो. प्रेक्षागाराच्या छतावर उभा ‘स्पॉटर’ आजूबाजूच्या गाड्या सांगत असतो. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून तिने फोडलेल्या हवेचा फायदा घेणे हे वेगळे शास्त्र आहे. आतले तापमान ५० अंशांच्या आसपास जाते आणि शर्यत तीन-चार तास चालते.

या पेशाने जीवही घेतले. रिचर्डचा नातू ॲडम पेटी मे २००० मध्ये सरावात गेला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. सात अजिंक्यपदांचा मानकरी डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून मरण पावला. त्यानंतर मान आणि डोके जखडून ठेवणारे उपकरण सक्तीचे झाले आणि भिंतींपुढे धक्का शोषणारी पोलाद-फोमची आवरणे आली. इतके बळी जाईपर्यंत वाट पाहिली गेली, हा या खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा दोष होय. वंशभेदाचा डागही तसाच. कृष्णवर्णीय वेंडेल स्कॉट १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला जिंकला, पण करंडक दुसऱ्याच्या हाती देण्यात आला.

अमेरिकी मुलगा छोट्या गाड्यांपासून गावच्या पट्टीवर, तिथून ट्रक मालिकेत आणि शेवटी सर्वोच्च कप मालिकेत पोचतो. भारतीय चालकाला ही शिडी नाही. चेन्नईजवळची इरुंगट्टुकोट्टाई, कोइमतूरची कारी आणि ग्रेटर नोएडाची बुद्ध या तिन्ही पट्ट्या डाव्या-उजव्या वळणांच्या आहेत. भिलाईसारख्या शहरातल्या मुलाला त्यांपैकी कोणतीही गाठायला रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक प्रवास पडतो. त्यामुळे आपल्याकडचा चालक कार्टिंग आणि हलक्या फॉर्म्युला गाड्यांतून येतो आणि जड गाडीचे वळण त्याला नव्याने शिकावे लागते.

याचे ठळक उदाहरण कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय ठरला. टायरच्या वादामुळे जेमतेम सहा गाड्या धावलेल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत त्याला चौथे स्थान मिळाले. मार्च २०१० मध्ये तो नास्कारच्या ट्रक मालिकेत मार्टिन्सव्हिलला उतरला. ही पट्टी जेमतेम साडेआठशे मीटरची, पेपर क्लिपसारखी लांबट आणि आखूड वळणांची. तिथे रंग घासल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि सहाशे किलोच्या फॉर्म्युला गाडीची सवय तिथे आडवी येते. पदार्पणातच त्याने तेरावा क्रमांक मिळवला. त्या वर्षी मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून प्रेक्षकांनी त्याला निवडले. पुढच्या वर्षी तो पुन्हा फॉर्म्युला वनकडे वळला.

दुसरी वाट युरोपातून जाते. तिथल्या स्टॉक कार मालिकेला नास्कारची मान्यता २०१२ मध्ये मिळाली. तिच्या बहुतेक शर्यती वळणावळणाच्या पट्ट्यांवर होतात, म्हणून भारतात घडलेल्या चालकाला ती जवळची वाटते. एकच व्ही-८ गाडी दोन चालक वाटून घेतात : अनुभवी चालक पहिल्या गटात, नवखा दुसऱ्या गटात. खर्च विभागला जातो आणि नवख्याला जाणत्याची आकडेवारी शेजारीच मिळते. अद्वैत देवधर हा भारतीय चालक या दुसऱ्या गटात उतरला होता. व्हॅलेन्सिया आणि ब्रँड्स हॅच ही या मालिकेची नेहमीची मैदाने राहिली आहेत. शनिवारी एक आणि रविवारी एक अशा प्रत्येक गटाच्या दोन शर्यती होतात.